नाटकाची संहिता आणि खेळाचा सर्व्हर

गावच्या जत्रेत नाटक कसे उभे राहते हे गोमंतकीय वाचकाला मी नव्याने सांगायला नको. संहिता विकत आणायची, नाटककाराचे मानधन पाठवून परवानगी घ्यायची, पात्रे वाटायची, आणि मग दोन-अडीच महिने रात्रीची जेवणे आटोपली की तालमी. वर्गणी गावाची, रंगमंच देवस्थानाचा, प्रॉम्प्टर गावचाच कोणीतरी मास्तर. 'नटसम्राट' १९७० साली धि गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणले. पण त्याची संहिता छापील मिळत होती, म्हणून ते मोठ्या शहरांतल्या नाट्यगृहांपुरते राहिले नाही. मूळ संच काळाआड गेला, तरी कुठल्या ना कुठल्या गावात कोणी ना कोणी हौशी अप्पा बेलवलकर उभा राहतोच. बरा की वाईट हा भाग वेगळा!

आज मात्र मला लिहायचे आहे ते संगणकावरच्या खेळांविषयी. बी.ए.ला मराठी घेतलेला, पंचेचाळिशीला टेकलेला सरकारी कारकून या विषयावर काय लिहिणार, असे वाटून काही वाचक इथेच थांबतील. त्यांना विनंती एवढीच, की थोडे पुढे वाचून तर पाहा. कारण माझ्या मते दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. संहिता कोणाच्या हातात?

अनेकांनी मिळून खेळायच्या खेळात प्रत्येकाच्या घरी एकेक संगणक असतो, आणि या सगळ्यांच्या मध्ये आणखी एक असतो. कोण कुठे उभा आहे, गोळी कोणी झाडली, ती लागली की नाही, दार उघडे की बंद, हे ठरवणारा तो मधला. त्याला सर्व्हर म्हणायचे. त्याच्यावर चित्र दिसत नाही, आवाज येत नाही, नुसता हिशेब चालतो. खेळणाऱ्यांपैकीच एकाच्या संगणकाने हे काम अंगावर घेतले, तर तो झोपायला गेला की सगळ्यांचाच खेळ मोडतो. म्हणून या एकाच कामासाठी वेगळा ठेवलेला जो सर्व्हर, तो डेडिकेटेड सर्व्हर. आपल्या भाषेत सांगायचे तर हा मांड. नाचणारे येतात आणि जातात, मांड जागच्या जागी असतो.

ही पद्धत रुळवली ती आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने. १९९६ साली त्यांनी 'क्वेक' काढला तेव्हा हा मधला प्रोग्रॅम वेगळा करून लोकांच्या हाती दिला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या 'क्वेकवर्ल्ड'ने टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने खेळणाऱ्यांचीही सोय केली. सर्व्हर लिनक्सवर चालत असे. ज्याच्याकडे बरी लाइन होती त्याने तो मांडावा, बाकीच्यांनी येऊन खेळावे, असा मामला. डिसेंबर १९९९ मध्ये तर क्वेकचा मूळ कोडच जीपीएल परवान्याखाली खुला झाला. इतकी वर्षे उलटून गेली, तरी आजही क्वेकचे सर्व्हर चालू सापडतात.

आमच्या पिढीचा खेळ मात्र 'काउंटर-स्ट्राइक'. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ साली 'हाफ-लाइफ' या खेळावर स्वतःच्या हौसेने केलेली ती भर. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने ती आपल्याकडे घेतली. म्हापशाच्या एका सायबर कॅफेत ताशी वीस रुपये मोजून आम्ही आठ जण तो खेळत असू. कोपऱ्यातल्या एका संगणकावर मालक सर्व्हर लावून ठेवी, आणि त्या संगणकावर कोणाला बसू देत नसे. डेडिकेटेड या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला! त्याच सुमारास गोव्यातल्या काही शाळांत परदेशातून आलेल्या जुन्या संगणकांवर लिनक्स बसवण्याचा उपक्रम चालू होता. तेव्हा लिनक्स हे काही आपल्याला अगदीच परके प्रकरण नव्हे.

त्या आठांपैकी आज एक कुवेतला आहे, दोघे इंग्लंडात स्विंडनला, एक पुण्याला, बाकीचे इथेच. शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही एकत्र येतो. कुवेतला तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात, स्विंडनला हिवाळ्यात चार. कधी जुना काउंटर-स्ट्राइक, कधी 'व्हालहाइम' नावाचा, जंगलात घरे बांधून राहण्याचा खेळ. गप्पा अर्थातच खेळापेक्षा जास्त. कोणाच्या आईचे गुडघे, कोणाच्या मुलीची बारावी, जुन्या मास्तरांचे निधन. फोन करून कोणी एवढे बोलत नाही. फोनवर काहीतरी काम असावे लागते, इथे हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळे.

हा सर्व्हर मी चालवतो. मुंबईच्या एका डेटा सेंटरमधले भाड्याचे यंत्र, महिन्याला दीड-दोन हजार रुपये, वर्गणी काढून. घरी का नाही, असे विचारणाऱ्याने जून महिन्यात आमच्याकडे येऊन राहावे. माडाची झावळी तारेवर पडली की दोन तासांची निश्चिंती. शिवाय अंतराचाही हिशेब असतो. सिंगापूर इथून साडेतीन हजार किलोमीटरांहून लांब. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसते जाऊन यायलाच ३५ मिलिसेकंद, आणि तारा काही सरळ रेषेत जात नाहीत. मुंबई त्या मानाने शेजारघर. स्विंडनवाले आपली पिंग दीडशेच्या खाली येत नाही म्हणून दर शनिवारी कुरकुरतात. त्यांना आम्ही सांगतो, बाबांनो, तुम्हाला तिकडे जायला कोणी सांगितले होते?

या यंत्राला पडदा नाही की माऊस नाही. एसएसएचने त्याच्याशी संधान बांधायचे आणि काळ्या चौकोनात अक्षरे टाइप करायची. लोकांना याची भीती वाटते. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटले, कारण सरकारी फाइलवरची टिप्पणी आणि लिनक्सची आज्ञा यांची जात एकच. कमीत कमी शब्द, ठरलेला क्रम, आणि एक अक्षर चुकले तर फाइल परत! फरक एवढाच, की लिनक्स फाइल परत करताना कारणही लिहितो.

पहिले काम, खेळासाठी वेगळा वापरकर्ता उघडायचा. लिनक्समध्ये 'रूट' हा सर्वाधिकारी. त्याच्या नावाने खेळाचा सर्व्हर कधीही चालवू नये, ते शिपायाकडे सचिवांचा शिक्का देऊन ठेवण्यासारखे आहे. सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये एखादे भोक निघाले आणि त्यातून बाहेरचा कोणी आत शिरला, तर त्याच्या हाती एक खोली लागावी, अख्खा वाडा नव्हे.

मग स्टीमसीएमडी. व्हॉल्व्हच्या स्टीम दुकानाचे हे बिनचित्राचे रूप. पूर्वी हाफ-लाइफच्या सर्व्हरसाठी वेगळे अपडेट टूल होते, २०१३ च्या सुमारास त्याची जागा याने घेतली. हा प्रोग्रॅम अजून ३२ बिटांचा, आजची यंत्रे ६४ बिटांची. म्हणून डेबियन किंवा उबुंटूवर आधी ३२ बिटांच्या लायब्ऱ्या बसवाव्या लागतात. त्यातल्या मुख्य लायब्ररीचे नाव लिब३२जीसीसी-एस१. जुन्या लेखांत ते लिब३२जीसीसी१ असे दिलेले असते. नाव बदलले, लेख तसेच राहिले, आणि नवखा माणूस तिथेच अडकून "हे आपल्याला जमणार नाही" म्हणून उठतो. वास्तविक जमण्या-न जमण्याचा तिथे संबंधच नसतो.

यापुढे चारच आज्ञा. कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचे ते सांगा. अनामिक म्हणून आत जा. अमुक क्रमांकाचा सर्व्हर आणा आणि तपासा. बाहेर पडा. फोल्डर सांगण्याची ओळ आत जाण्याच्या आधी हवी. जुन्या लेखांत ती बहुधा नंतर असते, आणि आता तसे लिहिले तर स्टीमसीएमडी कुरकुरतो. प्रत्येक सर्व्हरला क्रमांक असतो, जसा आमच्याकडे प्रत्येक फाइलीला असतो. हाफ-लाइफ आणि जुना काउंटर-स्ट्राइक ९०, 'टीम फोर्ट्रेस २' चा २३२२५०, व्हालहाइमचा ८९६६६०. या ९० क्रमांकाची एक खोड आहे. काउंटर-स्ट्राइक हवा म्हणून आधी सांगून ठेवावे लागते, आणि तरीही एकदा आज्ञा देऊन सगळ्या फाइली येत नाहीत. तीच आज्ञा तीन-चार वेळा द्यावी लागते, मग कुठे काम पुरे झाल्याचा निरोप येतो. व्हॉल्व्हच्या स्वतःच्या माहितीपानावरही हे नोंदलेले आहे. सरकारी कार्यालयात तीन खेपा घातल्याशिवाय दाखला मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची ओळ कुठली, तर "अनामिक म्हणून आत जा". म्हणजे हे सर्व्हर मांडण्यासाठी तुम्ही तो खेळ विकत घेतलेला असण्याचीही अट नाही. नाव विचारत नाहीत, पैसे मागत नाहीत. खेळ विकत घ्या, मांड फुकट न्या, असा हा व्यवहार आहे. आणि तो करून कंपनीचे दिवाळे वाजल्याचे दिसत नाही. उलट नोव्हेंबर २०२३ मध्ये हाफ-लाइफला २५ वर्षे झाली तेव्हा व्हॉल्व्हने त्या खेळाला नवे अपडेट दिले, आणि ज्यांची जुनी जुळणी त्याने बिघडली असती त्यांच्यासाठी जुनी आवृत्तीही 'स्टीम लेगसी' या नावाने बाजूला ठेवली. पाव शतकापूर्वीच्या खेळासाठी एवढे करणारी कंपनी दुर्मीळच.

सर्व्हर उतरला की तो लगेच चालतो असे नाही. स्टीमक्लायंट नावाची फाइल सापडत नाही अशी तक्रार येते. ती फाइल यंत्रावर असतेच, पण सर्व्हर तिला दुसऱ्या फोल्डरमध्ये शोधत असतो, म्हणून तिथे एक दुवा करून द्यायचा. मग फायरवॉलमध्ये दारे उघडायची. काउंटर-स्ट्राइकला २७०१५, व्हालहाइमला २४५६ आणि २४५७, आणि तीही यूडीपीची. आपण एसएसएच बंद करून झोपायला गेलो तरी सर्व्हर चालू राहावा म्हणून स्क्रीन किंवा टीमक्स वापरतात. मी सिस्टमडीकडे काम सोपवले आहे. यंत्र बंद होऊन सुरू झाले, सर्व्हर मध्येच पडला, तरी तो त्याला पुन्हा उभा करतो. हे सारे एकहाती करून देणारा लिनक्सजीएसएम नावाचा फुकट संचही आहे, आणि चांगला आहे. पण माझा आग्रह असा, की एकदा तरी सगळे हाताने करावे. पंगतीला नेहमी आचारी बोलवा हवा तर, पण आपल्या घरची चूल कशी पेटते ते ठाऊक असलेले बरे.

खरे काम पुढेच आहे. मांड एकदा घालून चालत नाही, तो सारवावा लागतो.

खेळणाऱ्याच्या घरचा खेळ स्टीम आपोआप अपडेट करते. सर्व्हर मात्र कोणी सांगितल्याशिवाय जागचा हलत नाही. त्यामुळे गुरुवारी-शुक्रवारी कंपनीने नवी आवृत्ती काढली, की शनिवारी साडेनऊला सात जणांच्या हाती नवा खेळ आणि मुंबईत जुना सर्व्हर. व्हालहाइम सरळ "आवृत्ती जुळत नाही" म्हणून दार लावून घेतो. मग माझा फोन वाजू लागतो. म्हणून मी शनिवारी कचेरीतून नाही, तर घरी दुपारच्या झोपेआधी (आम्हाला शनिवार-रविवार सुटी, याबद्दल सरकारचे आभार) सर्व्हरवर एक फेरी मारतो.

क्रम ठरलेला. आधी आत कोणी खेळत आहे का ते पाहायचे आणि असल्यास त्याला सांगायचे. मग सर्व्हर थांबवायचा, पण गळा दाबून नव्हे. व्हालहाइमच्या सर्व्हरला कंट्रोल-सी या इशाऱ्याने थांबवले तर तो जाता जाता आमचे जग लिहून ठेवतो. 'किल' ची सर्वांत कठोर आज्ञा दिली तर शेवटच्या नोंदीनंतरचे सगळे पाण्यात. त्यानंतर जगाची नक्कल घ्यायची. आमचे अख्खे जग, दोन वर्षांची घरे, तटबंदी, समुद्रकाठचा धक्का, कुवेतच्या मित्राने आपल्या गावच्या देवळाच्या नमुन्यावर बांधलेली लाकडी दीपमाळ, हे सगळे दोन फाइलींत मावते. त्या दोन फाइली तारखेच्या नावाने वेगळ्या ठेवायच्या, आणि एक प्रत दुसऱ्या यंत्रावर. हे झाल्यावरच अपडेटची आज्ञा. शेवटी सर्व्हर सुरू करून लॉग वाचायचा.

लॉग म्हणजे यंत्राची आवक-जावक नोंदवही. कोण कधी आले, कोण कधी गेले, काय मागितले, का नाकारले. पन्नासातल्या पंचेचाळीस ओळी निरर्थक असतात हे मान्य. पण आयुष्याची वीस वर्षे नोंदवह्या चाळण्यात घालवलेल्या माणसाला उरलेल्या पाच कशा शोधायच्या ते शिकवावे लागत नाही.

'तपासा', म्हणजे व्हॅलिडेट, या शब्दाविषयी मात्र सावध राहावे. तो कंपनीकडच्या मूळ प्रतीशी आपली प्रत ताडून पाहतो, आणि फरक सापडला की मूळ पुन्हा आणून ठेवतो. मोडक्या फाइलीसाठी हे औषध आहे. पण आपण मुद्दाम बदललेली फाइल मूळ संचातली असेल, तर तीही त्याच्या लेखी मोडकीच! व्हालहाइमची सुरू करण्याची लिपी अशीच. तिच्यात आपल्या सर्व्हरचे नाव आणि पासवर्ड लिहून ठेवला की पुढच्या अपडेटला ती पुन्हा कोरी होते. तिची वेगळ्या नावाने नक्कल करून ती वापरायची, हा साधा उपाय. 'माइनक्राफ्ट'ची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे स्टीम नाही, कंपनीच्या स्थळावरून एक जावा फाइल घ्यायची, पहिल्यांदा चालवली की ती थांबते, मग युला नावाच्या फाइलीत 'फॉल्स'चे 'ट्रू' करून अटी मान्य असल्याचे लिहून द्यायचे. १.२०.५ या आवृत्तीपासून तिला जावा २१ लागू लागली, आणि तेव्हा जुन्या जावावर चालणारे कितीतरी सर्व्हर अपडेटनंतर उठलेच नाहीत. शिवाय नव्या आवृत्तीत उघडलेले जग जुन्या आवृत्तीत नीट परतत नाही. म्हणून रात्री क्रॉनने आपोआप अपडेट करून टाकणे मला पसंत नाही. घरातले सगळे झोपलेले असताना परक्या गवंड्याला आत सोडण्यातला तो प्रकार वाटतो. लोक करतात, त्यांचे चालतेही. मी करत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? कंपनीच सर्व्हर चालवत असेल तर बटण दाबावे आणि खेळावे. माझ्या भाच्यानेही मला हेच विचारले होते. त्याने वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेला एक खेळ तसाच होता. सगळे कंपनीचे, आपण फक्त बटण दाबायचे. दीड वर्षाने कंपनीने पत्रक काढले की अमुक तारखेपासून सेवा बंद. त्या तारखेला खेळ उघडला तर जोडणी होत नाही एवढेच वाक्य. खेळ त्याच्या संगणकावर पूर्ण उतरलेला होता, जागा खात होता, आणि उघडत नव्हता. त्या दिवशी तो मला काही बोलला नाही. त्याने तो खेळ काढून टाकला, आणि तिथे भेटलेल्या कोइमतूरच्या एका मुलाशी त्याचा पुढे काही संपर्क राहिला नाही.

हे अपघाताने होत नाही, याचा इतिहास आहे. २००९ साली 'मॉडर्न वॉरफेअर २' आला तेव्हा संगणकावरच्या आवृत्तीतून डेडिकेटेड सर्व्हर काढून टाकला गेला. कोणी कोणाशी खेळायचे ते कंपनीची यंत्रणा ठरवणार. खेळणाऱ्यांच्या निवेदनावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. आणि पहिल्याच दिवशी उत्तर अमेरिका व ब्रिटनमध्ये सर्व यंत्रांवर मिळून खेळाच्या ४७ लाख प्रती खपल्या. कंपन्यांनी यातून जो बोध घ्यायचा तो घेतला. ३१ मे २०१४ ला गेमस्पाय ही, अनेक खेळांच्या सर्व्हरांची यादी ठेवणारी सेवा बंद झाली. पण तिच्यावर अवलंबून असलेले जे खेळ लोकांच्या सर्व्हरांवर चालत होते, त्यातले पुष्कळ तगले. सर्व्हर होतेच, फक्त यादी गेली होती. 'हेलो'च्या संगणकावरच्या जुन्या आवृत्तीसाठी तर मूळ कंपनी बंजीमधल्या मंडळींनी त्याच महिन्यात दुरुस्ती काढून दिली.

'द क्रू' या मोटारींच्या खेळाला ते भाग्य नव्हते. युबिसॉफ्टने २०१४ साली काढलेला हा खेळ एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि खेळ संपला. तबकडी घेतलेल्याच्या हातात नुसती तबकडी उरली. यावरूनच रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपियन युनियनमध्ये त्यासाठी मांडलेल्या नागरिकांच्या प्रस्तावाने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे, की तुम्ही परवानाच देत असाल तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगा, 'विकत घ्या' असे म्हणून फसवू नका. आणि २०२५ मध्येच काही चाहत्यांनी 'द क्रू'चा सर्व्हर स्वतःच्या बुद्धीने नव्याने रचला आणि खेळ पुन्हा चालवून दाखवला. कौतुकास्पद आहे. पण हे म्हणजे छापील संहिता नाही म्हणून प्रेक्षकांनी आठवून आठवून नाटक लिहून काढण्यासारखे झाले. ज्यांनी ते मुळात लिहिले त्यांच्या कपाटात वही होतीच की!

कंपन्यांची बाजू मी वाचली आहे. युरोपातल्या खेळकंपन्यांच्या संघटनेने जुलै २०२५ मध्ये म्हटले, की खासगी सर्व्हर हा नेहमीच पर्याय होऊ शकत नाही. खेळणाऱ्यांच्या माहितीचे रक्षण, बेकायदा मजकूर काढणे, हे तिथे कोण करणार, आणि काही खेळ तर मुळातच ऑनलाइन म्हणून रचलेले असतात. यातला शेवटचा मुद्दा मला अंशतः पटतो. आजच्या मोठ्या खेळांमागे एक सर्व्हर नसतो, दहा-वीस वेगवेगळ्या सेवा असतात, काही दुसऱ्या कंपन्यांकडून परवान्याने घेतलेल्या. दहा वर्षांपूर्वी बांधलेले ते धुडकूळ आज सुटे करून द्या म्हणणे सोपे नाही. म्हणून मागणी पुढच्या खेळांसाठी असावी. बांधतानाच असे बांधा की जाताना किल्ली देता येईल. अशक्य नाही. युबिसॉफ्टनेच सप्टेंबर २०२४ मध्ये 'द क्रू २' ला ऑफलाइन खेळण्याची सोय देण्याचे जाहीर केले.

रक्षणाचा मुद्दा मात्र मला पटत नाही. गावच्या नाटकात कोणी दारू पिऊन रंगमंचावर चढला तर त्याला उतरवायला नाटककार येत नाही, मंडळाचे कार्यकर्ते येतात. आमच्या सर्व्हरवर पासवर्ड आहे, येणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी ओळखीचा आहे, आणि शिवीगाळ करणाऱ्या एकाला आम्ही गेल्या वर्षी बाहेर काढला. लॉग पाहून, दोन मिनिटांत. कंपनीच्या सर्व्हरवर तक्रारीचे बटण दाबल्यावर पुढे काय होते, ते भाच्याला विचारा.

आणि मोकळ्या सर्व्हरलाही हल्ली दोरी बांधलेली असते, हे सांगितले पाहिजे. नव्या काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर सगळ्यांसाठी उघडायचा तर व्हॉल्व्हकडून स्टीमच्या खात्यावर एक टोकन घ्यावे लागते. ते रद्द झाले की सर्व्हर बाहेरच्यांना दिसत नाही. लबाडांना आवर घालण्यासाठी हे आहे, कारण पटण्याजोगे आहे. तरी जुना ९० क्रमांक मला अधिक प्रिय, तो एवढ्याचसाठी. तीन वेळा आज्ञा घेतो, पण नाव विचारत नाही.

आता आमच्यात एक नियम झाला आहे. नवा खेळ घेण्याआधी त्याचा डेडिकेटेड सर्व्हर लिनक्सवर मिळतो का ते पाहायचे. स्टीमच्या लायब्ररीत 'टूल्स' हा गाळक लावला की त्यांची यादी दिसते. नसेल तर आठांपैकी कोणीही घ्यायचा नाही. यामुळे दोन खूप गाजलेले खेळ आमचे खेळायचे राहिले, आणि पुण्याचा मित्र त्याबद्दल अजून फुरंगटून आहे.

गणपतीच्या सुटीत भाचा आला होता, तेव्हा त्याला सर्व्हरची किल्ली दिली. रूटची नव्हे, खेळाच्या वापरकर्त्याची. आज्ञा एका वहीत मराठीत लिहून ठेवल्या आहेत, प्रत्येकीसमोर ती काय करते आणि कधी देऊ नये. जगाच्या दोन फाइली कुठे आहेत ते पहिल्याच पानावर, लाल शाईत. पुढच्या शनिवारचे अपडेट तो करणार आहे, मी नुसता बाजूला बसणार. स्विंडनवाल्यांना अजून सांगितलेले नाही.